पॉलिसीतला तिसरा माणूस

गाडीच्या विम्याची पॉलिसी बहुतेकांच्या फोनमध्ये पीडीएफ होऊन पडलेली असते. ती उघडायची वेळ दोनदाच येते. एक, नाक्यावर पोलिसाने हात दाखवला तर. दुसरी, गाडी कुठे ठोकली तर. तेव्हाही आपण फक्त मुदतीची तारीख बघतो आणि फोन खिशात टाकतो.

पुढच्या वेळी जरा खाली सरकून बघा. हप्त्याचे दोन रकाने दिसतील. एकावर ‘ओन डॅमेज’ असं लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘लायबिलिटी’ किंवा ‘थर्ड पार्टी’. पहिला रकाना आपल्या गाडीचा. दुसरा कोणाचा, असं मी गेल्या वर्षभरात नवीन गाडी घेतलेल्या ओळखीच्या पोरापोरींना विचारून बघितलं. ‘तो कंपल्सरी असतो’, ‘तो आरटीओचा असतो’, ‘तो टॅक्स आहे ना?’ अशी उत्तरं आली. एकाने तर सांगितलं, की एजंटने तो कमी करून द्यायचं कबूल केलंय. तसं होत नाही. थर्ड पार्टीचा मूळ दर सरकार ठरवतं आणि तो सगळ्या कंपन्यांना सारखाच असतो. एजंटने काही कमी केलंच असेल तर ते पहिल्या रकान्यातलं.

विम्याच्या करारात पहिली बाजू आपली, दुसरी कंपनीची. तिसरी बाजू म्हणजे ज्याचं नावगाव आपल्याला ठाऊक नाही, जो अजून भेटलेला नाही आणि कधी भेटू नये, तो रस्त्यावरचा माणूस. त्याच्यासाठी आपण दरवर्षी पैसे भरतो. हे कसं सुरू झालं ते मी मुळापासून वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं की गाडीच्या विम्यात पैसे कुठे वाचवावेत आणि कुठे अजिबात वाचवू नयेत, याचं उत्तर त्या इतिहासातच आहे.

गोष्ट लंडनला सुरू होते. १९२०च्या दशकात इंग्लंडच्या रस्त्यांवर मोटारी झपाट्याने वाढल्या. शहाणे मालक विमा उतरवत, बाकीचे देवावर हवाला ठेवत. विमा असला तरी तो मालकाच्या बचावासाठी असे: कोणी दावा लावला तर मालकाचा खिसा रिकामा होऊ नये म्हणून. मग १९२८ साली हॅरिंग्टन मोटर कंपनीचा खटला गाजला. या कंपनीच्या गाडीमुळे चॅप्लिन नावाचा एक माणूस जखमी झाला (चार्ली नव्हे). तो कोर्टात गेला, जिंकला, भरपाईचा हुकूमही झाला. तोवर मोटर कंपनीचं दिवाळं निघालं होतं. विमा कंपनीने प्रामाणिकपणे पैसे दिले, पण कोणाला? करार मोटर कंपनीशी होता, म्हणून पैसे गेले तिच्या दिवाळखोरीच्या तिजोरीत. कोर्ट म्हणालं, हे पैसे आता सगळ्या देणेकऱ्यांचे. ज्याच्या दुखापतीमुळे ही रक्कम निघाली, त्याने इतरांबरोबर रांगेत उभं राहायचं आणि रुपयातले जे काही आणे वाट्याला येतील ते घ्यायचे.

हा निकाल कायद्याच्या भाषेत चूक नव्हता, आणि म्हणूनच तो लोकांना बोचला. दोन वर्षांत ब्रिटिश संसदेने दोन कायदे केले. एकाने जखमी माणसाला थेट विमा कंपनीकडे हात पसरायचा हक्क दिला. दुसरा १९३०चा रोड ट्रॅफिक अ‍ॅक्ट. त्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. गंमत म्हणजे याच कायद्याने मोटारींवरची ताशी वीस मैलांची वेगमर्यादा काढूनही टाकली. त्या वर्षी ब्रिटनच्या रस्त्यांवर सात हजारांहून जास्त माणसं मेली होती. तरी गाड्यांचा वेग मोकळा सोडला आणि विमा मात्र बांधून घेतला. चार वर्षांनी वस्त्यांपुरती वेगमर्यादा पुन्हा आणावी लागली. विमा काही कोणी काढला नाही.

आपल्याकडे मोटारींसाठी पहिला देशभरचा कायदा १९१४ सालचा. त्यात नोंदणी होती, लायसन्स होतं, विमा नव्हता. गाडीखाली कोणी गेलं तर घरच्यांना १८५५च्या, म्हणजे मोटारीचा जन्मही झाला नव्हता त्या काळच्या, फेटल अ‍ॅक्सिडेंट्स अ‍ॅक्टखाली दिवाणी दावा लावावा लागे. वकील, कोर्ट फी, तारखा, आणि शेवटी मालकाकडे पैसे असले तर वसुली. १९३९च्या मोटर व्हेइकल्स अ‍ॅक्टमध्ये ब्रिटिश नमुन्यावर विम्याचं आठवं प्रकरण घातलं गेलं. मध्ये महायुद्ध आलं आणि ते प्रत्यक्षात लागू झालं १ जुलै १९४६ला. त्यानंतर तेरा महिन्यांनी इंग्रज गेले. प्रकरण राहिलं.

त्या प्रकरणातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. मालवाहू ट्रकच्या विम्यासाठी वीस हजारांची मर्यादा होती. कितीही माणसं मेली तरी कंपनीवर कायद्याने पडणारा बोजा तेवढाच. खासगी मोटारीला मात्र मर्यादाच नव्हती. जेवढी भरपाई ठरेल तेवढी कंपनीने द्यायची. म्हणजे साहेबाच्या मोटारीखाली आलेल्याला पूर्ण भरपाई आणि ट्रकखाली आलेल्याला तुकड्याने. यात मरणाऱ्याने गाडी निवडलेली नसते, एवढंच कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

ते लक्षात आणून देणाऱ्यांत एक पुण्याच्या शाळेत शिकलेले गृहस्थ होते, यशवंत विष्णू चंद्रचूड. ते सरन्यायाधीश असताना, १९८१ साली, गुजरातेतल्या मोटार आणि ट्रकच्या एका टकरीचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. विमा कंपनीचं म्हणणं साधं होतं: कायद्यात ‘कोणत्याही एका अपघातात’ वीस हजार असं लिहिलंय, अपघात एकच झालाय, सगळ्यांनी मिळून वीस हजार वाटून घ्यावेत. न्यायालयाने विचारलं, अपघात एक, पण कोणाच्या बाजूने बघता? ट्रकवाल्याच्या बाजूने तो एक असेल. ज्यांना लागलं त्यांच्यापैकी प्रत्येकाला आपापला अपघात झाला. तेव्हा मर्यादा माणशी धरायची. शब्द तेच, फक्त उभं राहायची जागा बदलली. विम्याच्या कायद्याकडे कसं बघावं हे समजायला मला हा एक निकाल पुरेसा वाटतो.

यापूर्वी, १९५६च्या दुरुस्तीने, अपघाताच्या दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं काढायची सोय झाली होती. तिथे कोर्ट फीचा भार हलका आणि पद्धत सुटसुटीत. आजही कोणत्याही जिल्हा न्यायालयात ‘एमएसीटी’ असा फलक दिसतो, तो त्याचाच. तरीही एक अडचण होती. चालकाची चूक सिद्ध करावी लागे. मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटलं, की चूक नसली तरी भरपाई द्यायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली ते मान्य केलं नाही. रात्री रस्त्यावर एकटा मेलेल्या माणसाच्या बायकोने साक्षीदार कुठून आणायचा? संसदेने १९८२ साली वाट काढली: चूक कोणाचीही असो, मृत्यूसाठी पंधरा हजार रुपये लगेच. आकडा तेव्हाही तुटपुंजाच होता. आज हाच आकडा पाच लाखांचा आहे. ज्याला चूक सिद्ध करता येते तो याहून कितीतरी जास्त मागू शकतो. १९८८चा, म्हणजे सध्याचा, कायदा आला तेव्हा माणसाच्या जिवाला ट्रक आणि मोटार अशी वेगळी मोजपट्टी उरली नाही. मर्यादा सगळ्यांसाठी गेली.

‘मर्यादा नाही’ याचा अर्थ काय, ते आकड्यांत बघू. समजा, अठ्ठावीस वर्षांचा मुलगा डिलिव्हरीचं काम करतो, महिन्याला २५,००० मिळवतो, घरी आई, बायको, एक मूल. आपल्या गाडीने त्याचा जीव गेला. वर्षाचं उत्पन्न तीन लाख. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे: ४ लाख २० हजार. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा: २ लाख ८० हजार. या वयासाठी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेला गुणक १७. हिशेब येतो ४७ लाख ६० हजार रुपये. वर अंत्यविधी वगैरेंची रक्कम आणि व्याज. त्याचा पगार महिना लाखभर असता तर हाच हिशेब १ कोटी ९० लाखांवर गेला असता.

आणि हा बोजा कंपनीने उचलावा म्हणून आपण काय देतो? २०२२ साली सरकारने ठरवलेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. जीएसटी वेगळा. नवऱ्याबायकोच्या एका सिनेमाच्या संध्याकाळीत, पॉपकॉर्नसकट, यातला मोठा वाटा जातो. एवढ्या कमी पैशांत एवढं मोठं संरक्षण देणारा दुसरा आर्थिक व्यवहार मला तरी माहीत नाही. तो चुकवण्यात कसलीही हुशारी नाही.

तरी लोक चुकवतात. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे त्याच्याच रस्ता सुरक्षा समितीने आकडे ठेवले: देशात सुमारे १८ कोटी वाहनं, त्यापैकी विमा असलेली ६ कोटी. तीनातली दोन वाहनं बिनविम्याची. आमच्या गावाकडे एका दूधवाल्याला सकाळी सायकलवर असताना अशाच एका गाडीने उडवलं. गाडीवाला पळून गेला नाही, त्यानेच दवाखान्यात नेलं, माणूस वाईट नव्हता. विमा दोन वर्षांपूर्वी संपला होता. न्यायाधिकरणाने भरपाई मंजूर केली, ती गाडीवाल्याच्या नावावर. त्याच्याकडे होतं एक पत्र्याचं घर आणि तीच गाडी. दूधवाल्याच्या बायकोने निकालाची प्रत देवघरातल्या फळीवर जपून ठेवलीय. त्या घरात पुढे कोण दूध घालतं ते मी विचारलं नाही. चॅप्लिनपेक्षा तिची गत वाईट. त्याला निदान रांग तरी होती.

न्यायमूर्ती एम. पी. ठक्कर यांनी १९८७ साली एका निकालात लिहिलं त्याचा आशय असा, की कायद्याने ही सक्ती विमा कंपन्यांचा धंदा वाढावा म्हणून केलेली नाही, रस्त्यावरच्या समाजाचं रक्षण व्हावं म्हणून केली आहे. त्या प्रकरणात ट्रकचा ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून उतरला आणि विनालायसन्स क्लीनरने ट्रक हलवला. कंपनी म्हणाली, लायसन्स नव्हतं, आम्ही मोकळे. न्यायालयाने मोकळं सोडलं नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती तरुणांनी नीट वाचावी. मेलेल्या माणसाच्या घरी कंपनीने पैसे पोचवायचे, हे न्यायालयांनी धरून ठेवलं. पण मालकाने जाणूनबुजून विनालायसन्स माणसाच्या हाती गाडी दिली असेल, तर कंपनी आधी पैसे भरते आणि मग ते मालकाकडून वसूल करू शकते. २००४ सालच्या निकालापासून याला ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात. गोव्याला जाताना ‘थोडा वेळ मला दे ना’ म्हणणाऱ्या मित्राचं लर्निंग लायसन्सही संपलेलं असेल, तर वरचे ४७ लाख शेवटी आपल्या नावावर येऊ शकतात. मैत्री टिकवायची असेल तर किल्ली देण्याआधी लायसन्स बघा.

आणि तो मित्र शेजारी बसलेला असताना त्यालाच लागलं तर? इथे भलेभले फसतात. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत, म्हणजे कायद्याला लागते तेवढ्याच पॉलिसीत, खासगी गाडीतून फुकट नेलेला प्रवासी ‘तिसरा माणूस’ धरला जाईलच असं नाही. न्यायालयांनी तो धरलेला नाही. तो येतो पॅकेज पॉलिसीत, जिला आपण ‘फुल इन्शुरन्स’ किंवा ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतो तिच्यात. विमा नियामकाने २००९ साली कंपन्यांना हे लेखी कळवलं. बारा वर्षांची गाडी झाली, किंमत दीड लाखाच्या वर नाही, मग फुल इन्शुरन्स कशाला, असा सल्ला इंटरनेटवर सरसकट मिळतो. गाडीचाच विचार केला तर तो बरोबर आहे. पण त्या गाडीतून तुम्ही रोज दोन सहकाऱ्यांना हिंजवडीला नेत असाल, किंवा आईवडिलांना घेऊन कोकणात जात असाल, तर हिशेब वेगळा होतो. जुन्या गाडीचा फुल इन्शुरन्स चालू ठेवायचं खरं कारण गाडी नसून मागच्या सीटवरची माणसं असू शकतात. तो नकोच असेल, तर प्रवाशांसाठी वेगळं संरक्षण काय मिळतं ते कंपनीला विचारून पावतीवर लिहून घ्या.

राहिले आपण स्वतः. मालक हा तिसरा माणूस कधीच नसतो. त्याच्यासाठी ‘ओनर-ड्रायव्हर’चा वैयक्तिक अपघात विमा असतो. २०१८पर्यंत मोटारीसाठी तो दोन लाखांचा होता. मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो पंधरा लाखांचा झाला. इथे मात्र खरोखर पैसे वाचवता येतात. तुमच्याकडे एक मोटार आणि एक स्कूटर असेल तर दोन्ही पॉलिसींवर हा हप्ता भरायची गरज नाही, एकदाच पुरे. पंधरा लाखांचा वेगळा अपघात विमा आधीच असेल तर तेवढं लिहून द्यायचं. ऑनलाइन रिन्यू करताना ही खूण आपोआप झालेली असते. काढायची की ठेवायची ते विचार करून ठरवा.

आता पहिल्या रकान्याकडे, आपल्या गाडीकडे. याचा इतिहास वेगळ्या वाटेने जातो. दोराबजी टाटांनी १९१९ साली मुंबईत न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स काढली, तेव्हापासून खासगी कंपन्यांची गर्दी वाढत गेली. १ जानेवारी १९७३ला १०७ कंपन्या एकत्र करून सरकारने चार केल्या. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं विमा म्हणजे सरकारी ऑफिस, लाल शिक्का आणि एक ओळखीचा एजंट. दर ठरलेले असत. १ जुलै २००२च्या ‘इंडिया मोटर टॅरिफ’ या दरपुस्तकात देशाचे दोन भाग होते: मुंबई-पुण्यासारखी आठ शहरं महाग, बाकी सगळा देश स्वस्त. साताऱ्याच्या पासिंगची गाडी पुण्यात फिरवणाऱ्यांचा त्या काळी यातही थोडा फायदा होत असे. मग १ जानेवारी २००७ला आपल्या गाडीच्या विम्याचे दर खुले झाले. थर्ड पार्टीचे झाले नाहीत आणि आजही नाहीत. तिसऱ्या माणसाला बाजाराच्या भरवशावर सोडायची कोणाची तयारी नव्हती. म्हणून घासाघीस, तुलना, सवलत हे सगळं फक्त ओन डॅमेजमध्ये चालतं. दहा मिनिटं देऊन तीन-चार ठिकाणी दर बघा, सारख्याच गाडीला बराच फरक दिसतो.

दरपुस्तक गेलं तरी त्याचे सांगाडे पॉलिसीत उरलेत. त्यातला सगळ्यात मोलाचा म्हणजे नो क्लेम बोनस. वर्षभर क्लेम केला नाही तर ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५०. एक क्लेम केला की पुन्हा शून्यावर. समजा, सुटीआधीचा हप्ता १२,००० आहे आणि आपण ५० टक्क्यांवर आहोत, म्हणजे ६,००० भरतो. पार्किंगमध्ये दार चेपलं आणि क्लेम केला. पुढच्या वर्षी १२,०००, मग ९,६००, ९,०००, ७,८००, ६,६०० आणि त्यानंतर परत ६,०००. हप्ता तेवढाच राहिला असं धरलं, तर त्या एका दारापायी पाच वर्षांत १५,००० रुपये जास्त गेले. डेंटिंग-पेंटिंगचं बिल आठ हजारांचं असेल तर ते खिशातून भरावं. गॅरेजवाला म्हणेल, ‘इन्शुरन्समधून करून टाकू ना दादा.’ त्याला बिल आज मिळतं, आपण पुढची पाच वर्षं फेडत बसतो.

हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. जुनी गाडी विकून नवीन घेतली तर तो बरोबर येतो. मात्र मुदत संपल्यावर ९० दिवसांत पॉलिसी रिन्यू केली नाही तर तो जातो. वडिलांची गाडी आठ महिने नुसती उभी होती म्हणून विमा भरला नाही, अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

दुसरा सांगाडा आयडीव्ही, म्हणजे विम्यापुरती गाडीची किंमत. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीच्या पलीकडे गेली तर एवढेच पैसे मिळतात. जुन्या तक्त्यात ती पहिल्या सहा महिन्यांतच पाच टक्क्यांनी कमी व्हायची आणि पाचव्या वर्षी निम्म्यावर यायची. ऑनलाइन स्वस्त दिसणाऱ्या पॉलिसीत बऱ्याचदा हाच आकडा खाली ओढलेला असतो. हजारभर रुपये वाचले म्हणून खूश होताना लाखभराचं संरक्षण गेलेलं असतं. दोन कंपन्यांची तुलना करायची तर आयडीव्ही सारखी ठेवून करा, नाहीतर ती तुलनाच नाही.

तिसरा सांगाडा घसाऱ्याचा. प्लास्टिकच्या, रबराच्या भागांवर कंपनी निम्मेच पैसे देते. हा नियम ठरला त्या काळच्या अ‍ॅम्बेसेडर-फियाटचे बंपर लोखंडी असत. आजच्या गाड्यांचं तोंड सगळं प्लास्टिकचं, आणि पहिली ठोकर तिथेच लागते. म्हणून नव्या गाडीला पहिली काही वर्षं ‘झिरो डेप’ घेणं मला पटतं. पुढे त्याचा हप्ता वाढत जातो आणि गाडीची किंमत उतरत जाते, तेव्हा सोडून द्यावं. ज्यांना किरकोळ क्लेम करायचेच नाहीत, त्यांनी ‘व्हॉलंटरी डिडक्टिबल’ विचारून बघावं. पहिले काही हजार मी भरीन असं कबूल केलं की हप्ता उतरतो. पण तेवढे पैसे खरोखर बाजूला ठेवलेले असतील तरच.

पावसाचं एक सांगून ठेवतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतल्या हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. पुराचं नुकसान फुल इन्शुरन्समध्ये बसतं. पण पाण्यात बंद पडलेली गाडी स्टार्टर मारून चालू करायला गेलात, इंजिनात पाणी ओढलं गेलं आणि इंजिन बसलं, तर कंपनी म्हणते हे पुराने नाही, तुम्ही केलं. इंजिनासाठी वेगळं जोडसंरक्षण मिळतं. कुर्ला, हिंदमाता, किंवा कोल्हापुरात पंचगंगेच्या काठाला राहणाऱ्यांनी ते घ्यावं. डोंगरावर राहणाऱ्यांनी त्यावर पैसे घालवू नयेत. आणि विमा असो नसो, पाण्यात बंद पडलेल्या गाडीला किल्ली लावू नका, टो करून न्या.

बिनविम्याच्या गाड्यांचा तो आकडा बघून सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०१८ला हुकूम दिला: १ सप्टेंबरपासून नवीन मोटारीला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा खरेदीच्या वेळीच. शोरूममध्ये विम्याचा आकडा अचानक फुगलेला दिसतो तो यामुळे. तो भाग टाळता येत नाही. पण ओन डॅमेजही तीन वर्षांचं एकत्र घ्यावं अशी सक्ती नाही. तसलं दीर्घ मुदतीचं पॅकेज नियामकाने १ ऑगस्ट २०२०पासून बंदच केलं. शोरूमचाच विमा घेतला पाहिजे असाही कायदा नाही. बाहेरचा दर फोनवर काढून विक्रेत्यापुढे धरा, बहुतेक वेळा त्याचाही खाली येतो. पहिलं वर्ष संपलं की ओन डॅमेज दुसऱ्या कंपनीकडे नेता येतं, थर्ड पार्टी पहिल्याच कंपनीकडे राहिलं तरी चालतं.

आणि गाडी विकताना. २०१८ सालीच सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. गाडी एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी हातोहात विकली गेली होती, कागदावर मात्र पहिल्याच मालकाचं नाव. अपघात झाल्यावर तो म्हणाला, गाडी माझ्याकडे कधीचीच नाही. न्यायालयाने नोंदणीपुस्तक उघडलं. ज्याचं नाव तिथे, तो मालक, भरपाई त्याच्यावर. जखमी माणसाने गाडी कोणाकोणाच्या हातून फिरली याचा माग काढत बसायचं का, हा त्यामागचा विचार. निकाल लिहिला होता धनंजय चंद्रचूड यांनी, १९८१च्या त्या सरन्यायाधीशांच्या मुलाने. ॲपवर गाडी विकून पैसे खात्यात आले म्हणजे व्यवहार संपला असं समजू नका. फॉर्म २९ आणि ३० आरटीओत दाखल झालेत का बघा, नाव बदललेल्या आरसीचा फोटो मागून घ्या, आणि जाता जाता कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्रही.